वाचनालयाच्या संकेतस्थळावर इमोजी पट्टी: कामाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

काम ठरलं. आपल्या संकेतस्थळावर सभासद तीन ठिकाणी मजकूर लिहितात: ‘पुस्तकाबद्दल चार ओळी’, ‘हे पुस्तक हवे आहे’ आणि ‘ग्रंथपालांना निरोप’. तिन्ही टेक्स्ट बॉक्सना इमोजी निवडायचं बटण द्यायचं. मुदत १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी शाळांची मुलं येतात आणि वाचनालयातल्या संगणकांवर बसून पुस्तकांबद्दल लिहितात. घरी फोनवर सवय असते, त्यामुळे इथे आल्यावर पहिला प्रश्न ‘इमोजी कुठंयत?’ असाच असतो. विंडोजवर विंडोजचं बटण आणि टिंब एकत्र दाबलं की इमोजींची खिडकी उघडते, पण ते ठाऊक असलेलं कुणी मला वाचनालयात अजून भेटलेलं नाही.

फोनवर हे बटण दाखवायचं नाही. तिथे कीबोर्डातच इमोजी असतात. वर आपली पट्टी टाकली तर लिहायला जागाच उरणार नाही.

जाताना जुन्या तक्रारींची वही चाळली, टेक्स्ट बॉक्सबद्दल काही राहून गेलंय का ते बघायला. एकच सापडली, मागच्या पावसाळ्यातली. एका निवृत्त शिक्षिका बाईंची: ‘मी लिहिलेले शब्द प्रसिद्ध होताना मोडतात.’ खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘फोनचा कीबोर्ड बदलून पाहायला सांगितले. बंद.’

३ सप्टेंबर

इमोजी पट्टीच्या तयार लायब्रऱ्या (आयते कोडसंच) तीन पाहिल्या. तिन्ही दिसायला देखण्या, पण शोध इंग्रजीतून. ‘दिवा’ लिहिलं की काहीच येत नाही. शिवाय तिन्हींत हजारो इमोजी एकदम समोर येतात. युनिकोड (प्रत्येक अक्षराला आणि इमोजीला क्रमांक देणारं प्रमाण) १६ पर्यंतचे सगळे धरले तर त्वचेचे रंग, झेंडे वगैरे मिळून ३,७९० होतात. दहा वर्षांच्या मुलाला त्यातून हसरा चेहरा शोधायला लावायचा?

ग्रंथपाल सरांनी विचारलं, “किती पुरतील?” मला १९९९ आठवलं. जपानमध्ये एनटीटी डोकोमोच्या मोबाइल सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी जो संच केला, त्यात १७६ चित्रं होती, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत. हवामान, वाहनं, चेहरे, हृदय, सगळं त्यात बसलं होतं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संच आपल्या संग्रहात घेतला. सरांना हे फार आवडलं. (इमोजीचा इमोशनशी संबंध नाही, जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर, हेही सांगितलं. ‘चित्राक्षर’ म्हणत ते कपाटाकडे गेले.)

तर पट्टी स्वतःच लिहायची आणि इमोजी १८० च्या आसपास ठेवायचे.

५ सप्टेंबर

उद्या अनंत चतुर्दशी, रस्ते बंद होतील म्हणून आजच बसून कर्सरचं काम संपवलं.

वाटलं त्यापेक्षा नाजूक निघालं. बटण दाबलं की बॉक्समधला फोकस (टाइप केलेलं जिथे उमटतं ती जागा) जातो आणि आपण वाक्यात कुठे होतो ते लिहिणाऱ्याला पुन्हा शोधावं लागतं. बटणाच्या माउसडाउनलाच (माउस दाबला जातो त्या क्षणीच) ब्राउझरची नेहमीची कृती थांबवली, आता फोकस हलत नाही. इमोजी घालायला सुरुवातीला बॉक्सची सगळी व्हॅल्यू बदलत होते. त्यात कर्सर शेवटी उडी मारतो. मग सेट-रेंज-टेक्स्ट ही ब्राउझरची आज्ञा वापरली: निवडलेल्या भागाच्या जागी इमोजी बसतो आणि कर्सर त्याच्या पुढे थांबतो.

दोन गोष्टी त्यातही राहिल्या. एक, असा मजकूर घातल्यावर इनपुटची घटना (मजकूर बदलल्याची ब्राउझरची सूचना) आपोआप घडत नाही, म्हणून अक्षरं मोजणारा आकडा आणि कच्चा मसुदा जपणारा कोड दोघांना पत्ताच लागत नव्हता. ती घटना हाताने पाठवली. दोन, कंट्रोल-झेड. इमोजी चुकून पडला तर मूल पहिल्यांदा तेच दाबणार, आणि सेट-रेंज-टेक्स्टनंतर ते नीट चालत नाही. म्हणून आधी एक्झेक-कमांड ही ब्राउझरची जुनी आज्ञा वापरून पाहायची आणि ती नसेल तरच सेट-रेंज-टेक्स्ट. एक्झेक-कमांड कालबाह्य ठरवलेली आहे हे माहीत आहे, पण मागे परतायची सोय राखणारं तिच्याइतकं सरळ दुसरं काही मला सापडलं नाही.

८ सप्टेंबर

आज पहिल्यांदा इमोजीसकट मजकूर जतन केला. लिहिलं होतं: ‘पुस्तक फार आवडलं 🙏 शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं.’ परत उघडलं तर ‘पुस्तक फार आवडलं’ एवढंच. नमस्काराचा इमोजी तर गेलाच, पुढचं वाक्यही गेलं. चूक म्हणून काही दिसलं नाही, पानावर हिरव्या पट्टीत ‘धन्यवाद, नोंद झाली’ आलं.

कारण जुनं आहे. आपला डेटाबेस मायएसक्यूएल ५.६, आणि टेबलांना ‘यूटीएफ८’ हा अक्षरसंच दिलेला. मायएसक्यूएलमधल्या त्या नावाच्या संचात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये बरोबर ३ बाइटचं असतं. म्हणून मराठी इतकी वर्षं बिनतक्रार चालली आणि मला वाटत राहिलं की आपलं युनिकोड पक्कं आहे. बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात. कडक तपासणी बंद असेल तर मायएसक्यूएल तिथून पुढचं सगळं कापून टाकतो आणि फक्त एक इशारा नोंदवतो, जो आमच्या कोडने कधी वाचलाच नाही.

मग भीती वाटली म्हणून जुन्या नोंदी उघडल्या. अर्ध्यावर तुटलेल्या बऱ्याच निघाल्या. ‘मुलीला हे पुस्तक इतकं आवडलं की’ आणि पुढे काही नाही. ‘सर, तुमचे आभार’ आणि संपलं. लोक फोनवरून इमोजी टाकत होते, आणि पुढचा मजकूर आम्ही हरवत होतो. तो आता परत मिळणार नाही. मी त्या नोंदी एकेक करून वाचल्या.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “ज्यांचं नाव आहे त्यांना फोन करून विचारू. आठवत असेल तेवढं पुन्हा लिहितील.” यादी काढून दिली.

१० सप्टेंबर

टेबलं ‘यूटीएफ८एमबी४’ या ४ बाइटवाल्या संचात नेली. आधी बॅकअप, मग प्रतीवर चाचणी, मग खरं. एका ठिकाणी अडलं: पुस्तकाच्या नावाच्या स्तंभावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) होता, लांबी २५५. इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा. ३ बाइटने २५५ अक्षरं ७६५ होतात म्हणून बसत होतं, ४ ने १,०२० झालं. इंडेक्सपुरती लांबी १९१ केली. कोलेशन (अक्षरं जुळवायचे नियम) ‘युनिकोड ५२०’ घेतलं, कारण त्याआधीच्या कोलेशनला सगळे इमोजी एकसारखेच वाटतात: आंबा शोधला तर रिक्षाही सापडते.

टेबल बदलून भागत नाही हे लिहून ठेवते, पुढे कुणाला लागेल. डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीलाही तोच संच सांगावा लागतो. महिन्याचा अहवाल काढणारी वेगळी स्क्रिप्ट आहे, तिची जोडणी जुनीच राहिली होती. तिथे प्रत्येक इमोजीचं प्रश्नचिन्ह झालं. आणि रात्रीचा बॅकअप. या आवृत्तीतलं बॅकअपचं साधन न सांगता ३ बाइटवालाच संच धरतं, म्हणजे डेटाबेसात इमोजी नीट आणि बॅकअपमध्ये प्रश्नचिन्हं. हे ज्या दिवशी बॅकअप लागेल त्याच दिवशी कळलं असतं. बदललं, आणि बॅकअपमधून एक टेबल परत उभं करून डोळ्यांनी पाहिलं.

काल युनिकोड १७ जाहीर झालं. नव्या इमोजींत ट्रॉम्बोन आहे, ओर्का देवमासा आहे. आपल्या संगणकांवर ते दिसायला वेळ लागेल; तोवर चौकटीच दिसतील.

१५ सप्टेंबर

अक्षरांचा आकडा. ‘चार ओळीं’ना ५०० अक्षरांची मर्यादा आहे. एका कुटुंबाचा इमोजी, आई-बाबा-मुलगी-मुलगा, घातला आणि आकडा ११ ने कमी झाला. ब्राउझर यूटीएफ-१६ या साठवण्याच्या पद्धतीचे तुकडे मोजतो: चार माणसांचे प्रत्येकी दोन, आणि त्यांना जोडणारे तीन अदृश्य सांधे.

मुलांना हे चमत्कारिक वाटेल म्हणून दुरुस्त करायला बसले, आणि सहज ‘स्त्री’ लिहून पाहिलं. ६. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, पहिलीतलं मूल बोट ठेवून एक म्हणून मोजतं, त्याचे ६. ‘मराठी’चे ५. म्हणजे ‘५०० अक्षरे’ असं आम्ही मराठीत लिहून ठेवलं होतं आणि मराठी माणसाला त्याहून पुष्कळ कमी देत होतो. इतकी वर्षं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आता ब्राउझरमधल्या सेगमेंटरने मोजते: दिसायला एक ते एक. नव्या ब्राउझरमध्ये ‘स्त्री’ १, कुटुंब १, ‘मराठी’ ३. पण सर्व्हरवरच्या पीएचपी या भाषेकडे जुने नियम आहेत, ते जोडाक्षर हलन्तापाशी तोडतात, म्हणून तिथे ‘स्त्री’ ३. दोघांनी वेगळं मोजलं तर मूल ४९० वर आनंदाने पाठवणार आणि सर्व्हर नाकारणार. म्हणून ५०० ची मर्यादा फक्त ब्राउझरमध्ये, सर्व्हरवर नुसती एक मोठी बाइटांची वेस, कुणी भलताच लांब मजकूर ओतू नये एवढ्यापुरती.

१९ सप्टेंबर

हे कुटुंब अजून छळतंय. बॉक्समध्ये नीट दिसतं, जतन केल्यावर पानावर चार सुटी माणसं होतात: बाबा, आई, मुलगी, मुलगा, ओळीत उभे. डेटाबेस आता ४ बाइट घेतो, मग कोण तोडतंय?

दुपारभर शोधलं. सापडलं ते मीच चार वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीत. तेव्हा बाहेरून कचरा मजकूर यायचा, त्यात अदृश्य अक्षरं पेरलेली असायची. म्हणून जतन करण्यापूर्वी युनिकोडमधली २००बी ते २००एफ या क्रमांकांची सगळी चिन्हं काढून टाकायची असा नियम केला होता. त्यातलंच एक २००डी, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दिसत नाही, शेजारच्या दोन चिन्हांना जोडून धरतं. कुटुंबातले तीन सांधे तेच.

आणि मग लक्षात आलं, हे चिन्ह इमोजींसाठी आलेलंच नाही. ते आपल्यासारख्या लिप्यांसाठी आलं. इमोजींनी पुढे ते उचललं. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात: ‘सूर्य’मधला डोक्यावर चढणारा रफार, आणि ‘वाऱ्या’मधला आडवा, पापणीसारखा. हा पापणीचा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे हाच अदृश्य सांधा. काही कीबोर्ड पहिला देतात, काही दुसरा. सांधा काढून टाकला की दुसऱ्या प्रकारातला र डोक्यावर उडी मारतो आणि शब्द बदलतो. आचाऱ्यांना वाढलेलं जेवण आचार्यांना जातं.

जागेवरून उठून वही काढली. ‘मी लिहिलेले शब्द प्रसिद्ध होताना मोडतात.’

बाईंची नोंद उघडली. सह्याद्रीवरच्या एका पुस्तकाबद्दल लिहिलंय. ‘दर्याखोर्यांतून’. ‘वार्याची’. ‘चढणार्या’. त्यांनी दऱ्या लिहिल्या होत्या, आम्ही समुद्र छापला. वर्षानुवर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईंच्या नावाखाली हे सव्वा वर्ष उभं आहे, आणि मी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या फोनचा दोष आहे.

२० सप्टेंबर

नियम बदलला: अदृश्य चिन्हं सरसकट काढायची नाहीत. सांधा दोन इमोजींच्या मध्ये असेल किंवा देवनागरी हलन्तानंतर असेल तर ठेवायचा, इतर ठिकाणी काढायचा. चाचण्यांत ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ दोन्ही प्रकारांनी लिहून घातले, शिवाय कुटुंब.

बाईंना फोन केला. म्हटलं, “बाई, चूक तुमच्या कीबोर्डची नव्हती, आमची होती. मी तेव्हा नीट पाहिलं नाही.” त्या म्हणाल्या, “मी तीन कीबोर्ड बदलले गं.” मग थोडं थांबून, “आता नीट होतंय ना?”

२४ सप्टेंबर

१८० ची निवड. सर, काउंटरवरचा कॉलेजचा मुलगा आणि मी, चहा घेत बसलो. हे काम मनापासून करण्यासारखं आहे. कुठला इमोजी कुणाच्या तोंडी आहे ते यादीवरून कळत नाही, माणसांकडून कळतं.

पहिल्या ओळीत चेहरे, टाळ्या, नमस्कार, हृदय, पुस्तकं, चष्मा. आपल्याकडचं जे आहे ते पुढे आणलं: पणती 🪔, देऊळ, रिक्षा, साडी हे चारही २०१९ च्या संचात आले. आंबा आणि मोर त्याच्या आदल्या वर्षीचे. नारळ २०१७ चा. वाचनालयातले सगळे संगणक २०१९ पर्यंतचं दाखवतात, म्हणून मूळ यादी तिथेच थांबवली. त्यानंतरचे मोजकेच घेतले (२०२० मधला लांब ढोल, २०२१ मधलं कमळ, २०२२ मधली बासरी) आणि प्रत्येकाची आधी अदृश्य कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्रफलकावर) काढून परीक्षा. चौकट उमटली तर ते बटण दिसतच नाही.

शोधासाठी प्रत्येक इमोजीला शब्द. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात इमोजींची मराठी नावं आणि कळशब्द आहेत, ते घेतले, पण तेवढ्याने भागत नाही. मूल ‘शाब्बास’ शोधतं, ‘भारी’ शोधतं, ‘कट्टी’ शोधतं. असे शब्द आम्ही घातले. पुष्कळ जण मराठी शब्दच रोमन अक्षरांत लिहितात, तेही घातलं. ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडलं, ‘दिवा’ आणि ‘दीवा’ दोन्हींना पणती. आणि ‘ॲ’: हा तीन प्रकारांनी लिहिला जातो, वाचणाऱ्याला एकच पण संगणकाला तीन वेगळे. शोधण्यापूर्वी तिन्ही एक करते, नाहीतर ‘ॲम्ब्युलन्स’ एकाला सापडेल आणि शेजारच्याला नाही.

मोदकावरून वाद झाला. मोदकाचा इमोजी नाही. काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं, डंपलिंग तसंच दिसतं, ‘मोदक’ला तेच द्या. सर म्हणाले, “मोदक नाही तो. नसेल तर नाही म्हणावं.” मला सरांचं पटलं. आकाशकंदिलाचंही तसंच: लाल कागदी कंदील आहे तो जपानी. त्याला ‘कंदील’ हा शब्द ठेवला, ‘आकाशकंदील’ नाही.

२९ सप्टेंबर

आमचे एक सभासद दृष्टिहीन आहेत, स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) संकेतस्थळ वापरतात. त्यांना बोलावून पट्टी वापरायला दिली. मी शेजारी बसले, काही बोलले नाही.

टॅब दाबत गेले. “बटण. बटण. बटण.” बारा-पंधरा वेळा झाल्यावर हसून म्हणाले, “ताई, पाठवायचं बटण कधी येणार?” १८० टॅब ओलांडल्यावर, हे त्याचं उत्तर. घरी चाचणी करताना मी माउसच वापरला होता.

त्याच संध्याकाळी बदललं. पूर्ण पट्टी आता टॅबच्या एकाच थांब्यावर येते, आत बाणांनी फिरायचं, एस्केपने बंद, आणि बंद झाल्यावर फोकस परत टेक्स्ट बॉक्समध्ये, होता त्याच जागी. प्रत्येक बटणाला मराठी नाव. उघड-बंद झाल्याचंही आता ऐकू येतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं: वाक्याच्या मधोमध इमोजी असला की त्याचं नाव वाक्यात घुसतं, ओळीने सहा फुलं असली की ‘फूल’ सहा वेळा ऐकावं लागतं. लिहिणाऱ्याला अडवायचं नाही असं ठरलं, पण एक केलं: एकच इमोजी लागोपाठ तीनपेक्षा जास्त असेल तर पानावर दिसतो तसाच, स्क्रीन रीडरला मात्र एकदाच आणि पुढे संख्या.

४ ऑक्टोबर

फॉन्ट. रंगीत इमोजीचा फॉन्ट सोबत पाठवायचा विचार सोडला, काही मेगाबाइट होतो. यंत्रावर आहे तोच वापरायचा. फॉन्टच्या नावांच्या रांगेत इमोजी फॉन्ट शेवटी ठेवायचा, आधी ठेवला तर त्यात इंग्रजी अंकही असतात आणि दूरध्वनी क्रमांक पसरट दिसतात. देवनागरी अंकांना काही होत नाही. हृदय काळं दिसत होतं, त्यामागे एफई०एफ हे रंगीत रूप मागणारं अदृश्य चिन्ह जोडल्यावर लाल झालं. तिरंगा विंडोजवर झेंडा म्हणून उमटत नाही, नुसती दोन रोमन अक्षरं दिसतात. तेवढ्यासाठी लहान चित्र ठेवलं.

९ ऑक्टोबर

जुन्या नोंदींतले मोडलेले शब्द. गेलेला सांधा यंत्राला परत आणता येत नाही, कारण ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आश्चर्य’, ‘अर्हता’ यांत रफारच बरोबर आहे. एकच नियम डोळे झाकून लावता आला: शब्दात ‘णार्या’ आलं तर ‘णाऱ्या’. ‘तर्हा’ही सरळ सुटला. बाकीची यादी छापून काढली. ‘दर्या’ कुठे समुद्र आणि कुठे दऱ्या, ते वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

सरांनी यादी बाईंना दाखवायची का विचारलं. बाई स्वतः आल्या, लाल पेन घेऊन, दोन दुपारी बसल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दहापासून मुलं. पट्टी चालली. एका संगणकावर शोधाचा बॉक्स उघडल्यावर पान थोडं खाली सरकत होतं, तिथल्या तिथे नीट केलं. सर्वांत जास्त शोधलेला शब्द ‘भूत’. भूत आमच्या १८० मध्ये होतं, नशीब. एका मुलीने पुस्तकाबद्दल लिहिण्याऐवजी फक्त इमोजी ठेवले: होडी, लाट, मासा, रडका चेहरा, घर. शेजारच्या मैत्रिणीने ते वाचून पूर्ण गोष्ट सांगितली.

१८ ऑक्टोबर

तुटलेल्या नोंदींच्या यादीतल्या लोकांना सरांचे फोन सुरू आहेत. ‘मुलीला हे पुस्तक इतकं आवडलं की’वाल्या आईंनी पुढचं पुन्हा लिहून पाठवलं: की ती पुस्तक उशाशी घेऊन झोपली.

बाईंनी काल रात्री नवी नोंद टाकली, फोनवरून, जुन्याच कीबोर्डने. दिवाळी अंकांबद्दल आहे. ‘वाऱ्यावर’, ‘पहाऱ्यावर’, ‘नवऱ्याला’, तिन्ही जागच्या जागी. शेवटी एक पणती.